विश्लेषण : तीन खुर्च्या, त्यांतली एक विरोधकांची, अमेरिकेतील ‘काउंटी कमिशनर’ नेमके करतात काय?

पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर जॉश शापिरो, डोनाल्ड ट्रम्प यांच्या २०२१ मधील महाभियोगात त्यांची बाजू मांडणारे वकील ब्रूस कॅस्टर आणि फिलाडेल्फिया परिसराच्या सार्वजनिक वाहतूक यंत्रणेच्या माजी प्रमुख लेस्ली रिचर्ड्स. आज या तिघांच्या वाटा वेगवेगळ्या आहेत. पण २०१२ मध्ये हे तिघे एकाच मंडळात होते आणि एका जिल्ह्याएवढ्या प्रदेशाचा कारभार पाहत होते. त्यांचे पद होते काउंटी कमिशनर. वॉशिंग्टनच्या बातम्यांत क्वचितच दिसणारे हे पद अमेरिकी नागरिकाच्या रोजच्या जगण्याच्या मात्र अगदी जवळ आहे. या पदावर कोण निवडून येते, त्यांचे प्राधान्यक्रम कशावरून ठरतात आणि त्यांचे हात कुठे बांधलेले असतात, याचा मॉन्टगोमेरी काउंटीच्या उदाहरणातून घेतलेला आढावा.

‘कमिशनर’ म्हणजे आपले आयुक्त का?

नाही. आपल्याकडे महापालिका आयुक्त हा राज्य सरकारने नेमलेला अधिकारी असतो, तर अमेरिकेतील काउंटी कमिशनर लोकांनी निवडून दिलेला असतो. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. अमेरिकेत तीन हजारांहून अधिक काउंटी आहेत आणि प्रत्येक राज्यात त्यांचा कारभार वेगळ्या पद्धतीने चालतो. कॅलिफोर्नियात हे लोकप्रतिनिधी ‘सुपरवायझर’ म्हणून ओळखले जातात. टेक्सासमध्ये त्यांच्या मंडळाचे नाव ‘कमिशनर्स कोर्ट’ असे आहे, मात्र ते न्यायालय नव्हे. लुईझियानात काउंटीला ‘पॅरिश’ म्हणतात. कनेक्टिकट आणि ऱ्होड आयलंड या राज्यांत तर काउंटी सरकारच नाही.

पेनसिल्व्हेनियात ६७ काउंटी असून त्यांतील बहुतेक ठिकाणी तीन कमिशनरांचे मंडळ असते. धोरण ठरवणारे तेच आणि प्रशासनाकडून ते राबवून घेणारेही तेच. आपल्या जिल्हा परिषदेत सदस्य एकीकडे आणि मुख्य कार्यकारी अधिकारी दुसरीकडे अशी विभागणी असते, तशी येथे नाही. रोजच्या कामासाठी वरिष्ठ अधिकारी नेमले जातात, पण उत्तरदायित्व या तिघांचेच राहते.

तिसरी खुर्ची विरोधकांकडे कशी जाते?

फिलाडेल्फियाला लागून असलेल्या मॉन्टगोमेरी काउंटीची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेनुसार ८ लाख ५६ हजारांहून अधिक आहे. नॉरिसटाऊन हे तिचे मुख्यालय. येथे दर चार वर्षांनी तिन्ही कमिशनर एकाच वेळी निवडले जातात. मात्र प्रत्येक पक्षाला दोनच उमेदवार देता येतात आणि मतदारालाही दोघांनाच मत देता येते. त्यामुळे लाट कोणाचीही असो, दोन मोठ्या पक्षांच्या लढतीत तिसरी जागा विरोधी पक्षाकडे जाते. एकाच पक्षाने तिन्ही खुर्च्या बळकावू नयेत, हा या नियमाचा हेतू आहे.

याचा अर्थ बहुमत नेहमी पक्षाप्रमाणेच बनते असे नाही. २००७ च्या निवडणुकीत जिम मॅथ्यूज आणि ब्रूस कॅस्टर हे दोन रिपब्लिकन आणि जो होफेल हे डेमोक्रॅट निवडून आले. पण मॅथ्यूज यांनी स्वपक्षाच्या कॅस्टर यांना बाजूला ठेवून होफेल यांच्याशी हातमिळवणी केली. परिणामी बहुमताच्या पक्षात असूनही कॅस्टर विरोधकाच्या भूमिकेत गेले.

तीन जणांच्या मंडळात आणखी एक पेच असतो. दोघे एकत्र आले की गणसंख्या पूर्ण होते. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यानुसार अशा बैठकीत सरकारी कामावर विचारविनिमय करायचा, तर ती पूर्वसूचना देऊन जनतेसमोर व्हावी लागते. त्यामुळे मॅथ्यूज आणि होफेल यांच्या एका रेस्तराँमधील न्याहारीच्या बैठका चांगल्याच गाजल्या. स्थानिक दैनिकाच्या बातमीदारांनी त्या चव्हाट्यावर आणल्या आणि प्रकरण ग्रँड ज्युरीपर्यंत पोहोचले.

त्यांच्या हाती काय असते, काय नसते?

मॉन्टगोमेरीचा वार्षिक अर्थसंकल्प अर्ध्या अब्ज डॉलरहून मोठा आहे. तो मंजूर करणे आणि त्यासाठी मालमत्ता कराचा काउंटीच्या वाट्याचा दर ठरवणे हे कमिशनरांचे मुख्य काम. काउंटीचा तुरुंग, ९११ ही आपत्कालीन दूरध्वनी सेवा, सार्वजनिक आरोग्य विभाग, अत्याचार किंवा हेळसांड झालेल्या बालकांचे संरक्षण, मानसिक आरोग्य आणि व्यसनमुक्तीच्या सेवा, उद्याने, मोठे पूल हे सारे त्यांच्या अखत्यारीत येते. निवडणुका घेण्याची जबाबदारीही त्यांचीच.

शाळा मात्र त्यांच्याकडे नाहीत. त्यासाठी स्वतंत्र निवडून आलेली शाळा मंडळे आहेत आणि मालमत्ता कराचा सर्वांत मोठा वाटा तिकडेच जातो. गस्त घालणारे पोलीस आणि जमीनवापराचे नियम स्थानिक नगरपालिका आणि टाऊनशिप यांच्याकडे असतात. मॉन्टगोमेरीत अशा तब्बल ६२ संस्था आहेत. शिवाय जिल्हा सरकारी वकील, शेरीफ, खजिनदार, एवढेच काय, संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा कॉरोनरदेखील थेट लोकांमधून निवडला जातो. त्यांच्या कार्यालयांना पैसा कमिशनर देतात, पण त्यांना पदावरून काढू शकत नाहीत.

आधीच्या पेशाचा कारभारावर परिणाम होतो का?

मॉन्टगोमेरीचा अनुभव सांगतो की होतो. शतकाहून अधिक काळ रिपब्लिकन वर्चस्व असलेल्या या काउंटीत २०११ मध्ये डेमोक्रॅट्सना बहुमत मिळाले. शापिरो हे वकील आणि राज्याच्या प्रतिनिधीगृहातील आमदार होते. विस्कटलेली आर्थिक घडी बसवणे याला त्यांनी पहिले प्राधान्य दिले. मागच्या वर्षीचा आकडा थोडा वाढवून पुढे नेण्याऐवजी प्रत्येक खर्चाचे समर्थन नव्याने मागण्याची पद्धत आणली. निवृत्तिवेतन निधी महागड्या निधी व्यवस्थापकांकडून काढून कमी शुल्काच्या निर्देशांकाधारित फंडांकडे वळवला. काउंटीच्या मालकीचे वृद्धांसाठीचे शुश्रूषागृह विकण्याचा निर्णयही याच काळातला. तो वादग्रस्त ठरला, कारण तेथे राहणाऱ्यांसाठी तो हिशेबवहीतील नुसता आकडा नव्हता.

त्यांच्या सहकारी लेस्ली रिचर्ड्स यांनी प्रादेशिक नियोजनाचे शिक्षण घेतले होते. रस्ते, रेल्वे, नियोजन हा त्यांचा विषय. २०१५ मध्ये त्या राज्याच्या परिवहन सचिव झाल्या आणि पुढे फिलाडेल्फियाच्या ‘सेप्टा’ या वाहतूक संस्थेच्या प्रमुख. कॅस्टर हे माजी जिल्हा सरकारी वकील. गुन्हेगारी खटल्यांतून आलेला हा नेता अल्पमतातील तिसऱ्या खुर्चीत बसला.

रिचर्ड्स यांच्या रिक्त जागी आलेल्या व्हॅल आर्कूश या भूलतज्ज्ञ डॉक्टर होत्या आणि सार्वजनिक आरोग्यातील पदव्युत्तर शिक्षणही त्यांनी घेतले होते. शापिरो राज्याचे ॲटर्नी जनरल झाल्यावर मंडळाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. २०२० च्या मार्चमध्ये करोनाची साथ पेनसिल्व्हेनियात शिरली, तेव्हा मॉन्टगोमेरीला सुरुवातीलाच मोठा फटका बसला. राज्यातील निर्बंधांचा पहिला आदेशही याच काउंटीसाठी निघाला. अशा वेळी रुग्णसंख्येचा अर्थ लोकांना समजावून सांगणारी व्यक्ती स्वतः डॉक्टर होती. असा योग निवडणुकीच्या वेळी कोणाच्या मनातही नसतो. २०२३ मध्ये गव्हर्नर झालेल्या शापिरो यांनी त्यांना राज्याच्या मानवसेवा खात्याच्या सचिवपदी नेमले.

२०२३ मध्ये निवडून आलेले तिघे कोण?

नोव्हेंबर २०२३ च्या निवडणुकीत नील माखिजा आणि जमिला विंडर हे डेमोक्रॅट, तर थॉमस डिबेलो हे रिपब्लिकन निवडून आले.

माखिजा हे भारतातून आलेल्या आईवडिलांचे चिरंजीव. त्यांचे बालपण पेनसिल्व्हेनियाच्याच कार्बन काउंटीत गेले. हार्वर्डमधून कायद्याचे शिक्षण घेतल्यावर त्यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात निवडणूक कायदा शिकवला. भारतीय वंशाच्या उमेदवारांना बळ देणाऱ्या ‘इंडियन अमेरिकन इम्पॅक्ट’ या संघटनेचे ते कार्यकारी संचालक होते. काउंटीच्या निवडणूक मंडळाची धुरा त्यांच्याकडे आली, तेव्हा त्यांचा भर कशावर असेल हे वेगळे सांगण्याची गरज नव्हती. २०२४ मध्ये काउंटीने फिरती मतदार सेवा व्हॅन सुरू केली. नोंदणी आणि टपाली मतदानासाठी नागरिकांनी कचेरीत यावे, याऐवजी कचेरीच त्यांच्या दारी नेण्याची ही कल्पना होती.

विंडर यांची जडणघडण शाळा मंडळात झाली. नॉरिसटाऊन परिसराच्या शाळा मंडळाच्या त्या अध्यक्ष होत्या. आर्कूश राज्य सरकारात गेल्यानंतर २०२३ च्या सुरुवातीला काउंटीच्या न्यायाधीशांनी त्यांची रिक्त जागेवर नियुक्ती केली, कारण पेनसिल्व्हेनियात कमिशनरची जागा मध्येच रिकामी झाली तर ती भरण्याचा अधिकार न्यायाधीशांना आहे. या पदावरील त्या मॉन्टगोमेरीच्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला. डिबेलो हेही शाळा मंडळ आणि टाऊनशिपच्या राजकारणातून वर आले.

निवडणुकीची मोजणी एवढी वादाची का?

कमिशनर हेच बहुतेक ठिकाणी काउंटीचे निवडणूक मंडळ असतात. मतदान केंद्रे, टपाली मतपत्रिका, मोजणी आणि निकाल प्रमाणित करणे हे सगळे त्यांच्याकडे. ते स्वतः उमेदवार असतील तेव्हा त्यांच्या जागी न्यायाधीश इतरांना नेमतात. भारतात हे काम स्वायत्त आयोगाकडे असते. तिथे ते पक्षाच्या चिन्हावर निवडून आलेल्यांकडे आहे.

त्यामुळे छोटा तांत्रिक प्रश्नही राज्यभर गाजतो. टपाली मतपत्रिकेच्या लिफाफ्यावर मतदाराने तारीख घालायची राहून गेली, तर ते मत धरायचे का? २०२२ च्या प्राथमिक निवडणुकीनंतर बर्क्स, फेएट आणि लँकेस्टर या काउंट्यांनी अशी मते निकालात धरली नाहीत. ती धरा, असा आदेश तेव्हा न्यायालयाने दिला. २०२४ मध्ये चित्र उलटे झाले. सिनेटच्या जागेसाठी बॉब केसी आणि डेव्हिड मॅकॉर्मिक यांच्यात अटीतटीची लढत असताना फिलाडेल्फिया, बक्स आणि मॉन्टगोमेरी येथील मंडळांनी अशी मते मोजण्याचा निर्णय घेतला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १८ नोव्हेंबरला तो रोखला. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने मात्र केवळ तारखेवरून मत बाद करणे घटनाबाह्य ठरवले.

मतदाराचा हक्क मोठा की कायद्यातील अट, यावर दोन्ही बाजूंनी युक्तिवाद होऊ शकतो. पण न्यायालयाचा आदेश स्पष्ट असताना निवडून आलेल्या मंडळाने स्वतःची समज पुढे करावी का, हा प्रश्न दोन्ही पक्षांच्या काउंट्यांना लागू होतो.

इच्छा असूनही अडते कुठे?

बेघरांचा प्रश्न हे याचे ठळक उदाहरण. नॉरिसटाऊनमधील एकट्या प्रौढांसाठीचा मोठा निवारा २०२२ मध्ये बंद झाला आणि काउंटीत या गटासाठी वर्षभर, चोवीस तास चालणारी मोठी सोय उरली नाही. निवाऱ्यासाठी पैसा कमिशनर देऊ शकतात. पण जागेची परवानगी त्या त्या नगरपालिकेच्या हाती असते आणि ‘निवारा हवा, पण आमच्या गल्लीत नको’ हा सूर तिथेही ऐकू येतो. परिणामी निर्णय झाला तरी पलंग पडायला वर्षे जातात आणि हिवाळा काही परवानगीसाठी थांबत नाही.

दुसरी अडचण पैशाची. बालसंरक्षण आणि मानसिक आरोग्याच्या सेवा काउंटी चालवते, पण त्यातील मोठा निधी राज्याकडून येतो. पेनसिल्व्हेनियाचा २०२५ चा अर्थसंकल्प जूनअखेर मंजूर व्हायला हवा होता, तो १२ नोव्हेंबरला झाला. तोपर्यंत अनेक काउंट्यांना राखीव निधी, कर्ज किंवा काटकसरीवर दिवस काढावे लागले. त्या अर्थसंकल्पावर सही करणारे गव्हर्नर होते शापिरो, ज्यांनी एकेकाळी काउंटीच्या खुर्चीत बसून राज्याच्या निधीची अशीच वाट पाहिली होती.

पुढे काय?

मॉन्टगोमेरीसह पेनसिल्व्हेनियात कमिशनरपदाची पुढची निवडणूक नोव्हेंबर २०२७ मध्ये आहे. हे वर्ष अध्यक्षीय किंवा काँग्रेसच्या निवडणुकीचे नसल्याने मतदान कमी होते आणि थोड्या मतांवर तीन खुर्च्यांचा निकाल लागतो. उमेदवार शिक्षक आहे, डॉक्टर आहे की वकील, यावरून त्याचा कल समजू शकतो. पण तो जे आश्वासन देतो आहे, ते या पदाच्या अधिकारात बसते का, हे त्याच वेळी तपासणे मतदाराच्या हिताचे. शाळांचा कर कमी करू असे सांगणाऱ्या कमिशनरच्या हाती शाळा नसतात. तुरुंग, मतमोजणी आणि संकटातल्या मुलाच्या दारी पोहोचणारा समाजसेवक मात्र त्याच्याच हाती असतो.