स्नायू 'वाढतात' की 'भरतात'?

व्यायामाने स्नायू वाढतात, असे आपण सहज म्हणतो. परंतु वाढ दोन प्रकारची असते : घटकांची संख्या वाढणे आणि घटकांचे आकारमान वाढणे. स्नायूंची वाढ यांपैकी कोणती, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम संज्ञांचा उलगडा केला पाहिजे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात पाचशे पेशी आणि नऊशे स्नायू सांगितले आहेत. तेथे 'पेशी' म्हणजे मांसाचा गठ्ठा, तर 'स्नायू' म्हणजे बांधून ठेवणारा बंध होय. हिंदीने 'पेशी'चा हा अर्थ राखला. मराठीत मात्र मांसाच्या गठ्ठ्याला 'स्नायू' आणि सजीवाच्या सूक्ष्मतम घटकाला 'पेशी' म्हणणे रूढ झाले. यामुळे हिंदी ग्रंथातील 'पेशी-वृद्धि' मराठीत तशीच उचलल्यास पेशींची संख्या वाढते, असा चुकीचा बोध होतो.

वस्तुस्थिती निराळी आहे. स्नायूचा प्रत्येक तंतू ही अनेक पेशी एकत्र मिळून झालेली, बहुकेंद्रकी अशी एकच दीर्घ पेशी असते. ती विभागली जात नाही. भारी वजन उचलताना तंतूवर ताण पडतो. त्या ताणाने 'एमटॉर' नावाचे प्रथिन कार्यप्रवृत्त होते आणि रायबोसोमांकडून नव्या प्रथिनांची निर्मिती वेगाने होऊ लागते. हा वेग एक-दोन दिवस टिकतो. झीज होऊन जाते त्याहून अधिक प्रथिन घडत राहिले, तर ॲक्टिन व मायोसिन यांचे नवे सूक्ष्मतंतुक तंतूच्या आत रचले जातात आणि तंतू जाड होतो. मनुष्यात तंतूंची संख्या वाढत असल्याचा निर्णायक पुरावा नाही. आरंभीच्या काही आठवड्यांत वाढणारे बळ तर मुख्यतः मज्जासंस्थेच्या सरावाचे फळ असते.

येथे एक शंका संभवते : तंतू विभागत नाही, तर वाढलेल्या आकारमानाला पुरेशी केंद्रके कोठून मिळतात? याचे उत्तर तंतूच्या बाह्य आवरणाखाली वसणाऱ्या उपग्रहपेशींत आहे. अलेक्झांडर मौरो यांनी १९६१ साली बेडकाच्या स्नायूत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने त्यांचे वर्णन केले. या पेशी विभागतात, तंतूत विलीन होतात आणि आपली केंद्रके त्यास देतात. त्या सर्वस्वी अपरिहार्य आहेत काय, हा प्रश्न मात्र वादग्रस्त आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, उपग्रहपेशी बहुतांशी नष्ट केलेल्या उंदरांचे स्नायूही अधिक भार पडताच काही काळ जाड झाल्याचे आढळले. जखम भरून येण्यास मात्र या पेशी आवश्यकच ठरतात.

तात्पर्य, व्यायामजन्य वाढ ही मुख्यतः पुष्टी होय, गुणन नव्हे. पाठ्यपुस्तकांतून या दोहोंसाठी भिन्न संज्ञा योजिल्या जाव्यात. आपल्या तालमीतील बोली या बाबतीत अधिक नेमकी आहे. तेथे दंड 'वाढले' असे न म्हणता दंड 'भरले' असे म्हणतात. आणि तंतूच्या आत घडते तेही भरणेच होय.