वीरकथेचा शेवट आणि तिचे प्रेक्षक

गोष्ट सांगणाऱ्यावर ती ऐकणाऱ्याचा हक्क किती, हा प्रश्न जुना आहे. आपल्या व्रतकथांच्या अखेरीस कहाणी 'सुफळ संपूर्ण' झाली असे म्हणण्याची रीत आहे. ह्या दोन शब्दांत दोन निरनिराळ्या मागण्या सामावल्या आहेत. कहाणी संपली पाहिजे, ही एक; आणि तिचे फळ ऐकणाऱ्याच्या पदरात पडले पाहिजे, ही दुसरी. ह्या मागण्या ऐकणारा किती निकराने धरून बसतो, हे पाहण्यासाठी आम्ही येथे जरा दूरचे उदाहरण घेणार आहोत. ते आहे जपानमधील दूरचित्रवाणीवरील वीरमालिकांचे. मुख्यतः मुलांसाठी निघालेल्या ह्या मालिका जेव्हा संपल्या, तेव्हा त्यांचे प्रेक्षक कशाने हळहळले, कशाने रागावले, आणि त्या हळहळीत व रागात फरक कोणता, एवढाच ह्या लेखाचा विषय आहे.

प्रथम ह्या प्रकाराची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. जपानी भाषेत त्याला 'तोकुसात्सु' म्हणतात. शब्दाचा अर्थ 'विशेष चित्रण'. लहान आकाराची शहरे बांधायची, रबरी पोशाख चढवलेल्या माणसाला त्यांतून राक्षस म्हणून चालवायचे, आणि चित्रणाचा वेग बदलून त्याच्या हालचालींना प्रचंड देहाचे जडत्व आणायचे, अशी ही विद्या. १९५४ च्या 'गोजिरा' ह्या चित्रपटात एइजी त्सुबुराया ह्यांनी ती नावारूपाला आणली. तो राक्षस पुढे 'गॉडझिला' ह्या नावाने जगभर गेला. त्सुबुराया ह्यांनी १९६३ मध्ये स्वतःची निर्मितिसंस्था काढली, आणि तिची 'अल्ट्रामॅन' ही रंगीत मालिका १७ जुलै १९६६ रोजी सुरू झाली. पुढे १९७१ मध्ये 'कामेन रायडर', म्हणजे मुखवटा घातलेला मोटारसायकलस्वार, अवतरला. आणि १९७५ मध्ये वीरांच्या पथकाची 'सेंताई' परंपरा सुरू झाली.

ह्या मालिकांची एक व्यवस्था ध्यानात ठेवण्यासारखी आहे. आठवड्याला अर्धा तास, सुमारे वर्षभर, अशी त्यांची सर्वसाधारण चाल असते. वर्ष संपले की वीर निरोप घेतो, आणि पुढच्याच आठवड्यात त्याच वेळी दुसरा वीर उभा राहतो. त्याच्याबरोबर त्याचा कमरपट्टा, त्याची शस्त्रे, त्याची वाहने ही खेळण्यांच्या दुकानांत येतात. म्हणजे कथेचा शेवट पुष्कळदा कथेच्या गरजेने ठरत नाही. तो कॅलेंडराने आणि व्यापाराने ठरतो. मोठ्या माणसाला ही केवळ व्यवस्था वाटेल. परंतु पाच वर्षांच्या मुलाच्या लेखी एक वर्ष हा आयुष्याचा पाचवा हिस्सा असतो. इतका काळ दर आठवड्याला ठरल्या वेळी घरी येणारा सोबती एके दिवशी कायमचा जातो, ही त्याच्या दृष्टीने लहान घटना नव्हे.

आता 'अल्ट्रामॅन'चाच शेवट पाहू. मालिकेची सरासरी प्रेक्षकसंख्या ३६.८ टक्के होती, म्हणजे लोकप्रियता ओसरली म्हणून ती थांबली असे नव्हे. चित्रण इतके कष्टाचे होते की आठवड्याच्या गतीने भाग पुरे करणे संस्थेला झेपेना, म्हणून ३९ भागांनंतर ती आटोपती घ्यावी लागली. शेवटचा भाग ९ एप्रिल १९६७ रोजी दाखवण्यात आला. लेखन तेत्सुओ किंजो ह्यांचे, दिग्दर्शन एइजी त्सुबुराया ह्यांचे पुत्र हाजिमे ह्यांचे.

त्या भागात जे घडले ते मुलांच्या अपेक्षेच्या अगदी उलट होते. झेटन नावाचा राक्षस अल्ट्रामॅनला पाडतो. त्याच्या छातीवरचा दिवा, म्हणजे त्याची शक्ती किती उरली हे सांगणारी खूण, फुटतो आणि विझतो. झेटनचा नाश करतात ती पृथ्वीवरचीच साधी माणसे, स्वतः तयार केलेल्या शस्त्राने. मग दूरच्या ताऱ्यावरून झॉफी हा अल्ट्रामॅनचा स्वकीय त्याला न्यायला येतो. अल्ट्रामॅनचा प्राण आणि हायाता ह्या तरुणाचा प्राण तोवर एकच झालेले असतात. आपला प्राण हायाताला द्यावा, अशी विनंती अल्ट्रामॅन करतो. झॉफीने दोन प्राण आणलेले असतात. हायाता जगतो, परंतु गेल्या सगळ्या दिवसांची त्याला आठवण राहत नाही. प्रकाशाचा एक गोल आकाशात चढत जातो, आणि मालिका संपते.

त्या रात्री मुलांनी खिडक्या उघडल्या आणि आकाशाकडे पाहून अल्ट्रामॅनला हाक मारून निरोप दिला, अशी आठवण जपानमध्ये नेहमी सांगितली जाते. किती घरांतून असे झाले ह्याचे मोजमाप कोणी करू शकणार नाही. पण ही गोष्ट इतकी वर्षे सांगावीशी वाटते, ह्यातच त्या पिढीच्या मनाची साक्ष आहे. दुसरी आठवण एका प्रसिद्ध माणसाची आहे. आकिरा माएदा हे पुढे नामांकित कुस्तीगीर झाले. १९५९ चा त्यांचा जन्म, म्हणजे त्या वेळी ते आठ वर्षांचे होते. अल्ट्रामॅनला हरवणाऱ्या झेटनचा सूड घ्यावा म्हणून आपण युद्धकलेकडे वळलो, असे त्यांनी सांगितले आहे. ऐकणारा हसेल, पण मूल शेवटाचा अर्थ कसा लावते ते ह्यावरून दिसते. वीर पडला आणि शत्रूला माणसांनी मारले, ह्याचा अर्थ त्या मुलाने असा घेतला की यापुढचे काम आता आपले आहे.

येथे दुःख होते, पण फसवणूक नव्हती. अनंत चतुर्दशीला घाटावरून परतताना मूल रडते. परंतु आपल्याला कोणी फसवले असे त्याला वाटत नाही. जाणारा रीतसर निरोप घेऊन गेला आहे, हे त्याला कळते. 'अल्ट्रासेव्हन' ह्या पुढच्या मालिकेचा शेवटही, ८ सप्टेंबर १९६८ चा, असाच आहे. आपण पृथ्वीवरचे नाही, हे तिचा नायक दान आपल्या सहकारिणीला, आन्नेला, निघण्यापूर्वी सांगून टाकतो, आणि माणूस असो वा परका, तो आपल्या लेखी दानच, असे ती त्याला कळवते. वर्षभर झाकून ठेवलेले सत्य निरोपाच्या क्षणी उघडे होते. जपानी प्रेक्षकांनी हा शेवट उत्तमांत गणला आहे.

ह्याच जातीचा एक शेवट आपल्या घरांतही पोचला होता. १९६७-६८ मधील 'जायंट रोबो' ही २६ भागांची मालिका १९८० नंतरच्या दशकात दूरदर्शनवर दाखवण्यात आली, आणि 'जायंट रोबॉट' ह्या नावाने महाराष्ट्रातल्या मुलांनीही ती पाहिली. तीत एका लहान मुलाच्याच आज्ञेत वागणारा लोखंडी राक्षस आहे. अखेरच्या भागात शत्रूच्या सम्राटाचे शरीर स्फोटक अणुशक्तीने भरलेले असते. त्याला मारावे तर पृथ्वीच संकटात येणार. तेव्हा तो यंत्रमानव पहिल्यांदा मुलाची आज्ञा मोडतो, सम्राटाला कवटाळून अंतराळात नेतो आणि उल्केवर आदळून नाहीसा होतो. मुलगा खाली उभा राहून त्याला परत बोलावत असतो. ज्यांनी हे लहानपणी पाहिले ते आता चाळिशी-पन्नाशीत आहेत. यंत्राने आज्ञा मोडली तीच त्याच्या प्रेमाची खूण, हे त्यांना कोणी समजावून द्यावे लागले नाही.

वीराचा मृत्यू भव्य असेल तर प्रेक्षक तो स्वीकारतात, असे ह्यावरून कोणी म्हणेल. पण मृत्यू क्षुल्लक कारणाने आला तर? त्याचेही उदाहरण आहे. 'जेटमॅन' ह्या सेंताई मालिकेचा शेवट १४ फेब्रुवारी १९९२ रोजी झाला. लेखक तोशिकी इनोउए. युद्ध जिंकून तीन वर्षे झाली आहेत, आणि दोन सोबत्यांचा विवाह आहे. विवाहाला निघालेला गाय युकी हा वीर रस्त्यात एका बाईची पिशवी हिसकावणाऱ्या भुरट्या चोराला अडवतो, आणि चोर त्याला भोसकतो. जखम लपवून गाय चर्चच्या आवारात पोचतो, बाकावर बसतो, मित्राशी दोन शब्द बोलतो आणि आकाशाकडे पाहत डोळे मिटतो. पडद्यावर 'तो मेला' असे कोणी म्हणत नाही. विश्व जिंकणारा माणूस अशा रीतीने जावा, ह्यावर प्रेक्षक कित्येक वर्षे वाद घालीत राहिले. कोणी म्हणे ही क्रूर थट्टा आहे. कोणी म्हणे शस्त्र नसतानाही जो धावतो तोच खरा वीर, हे दाखवायला दुसरा मार्ग नव्हता. दोन्ही पक्षांना तो शेवट पाठ होता. वाद जितका वाढला तितका शेवट पक्का झाला.

मग शेवट ठरवण्याचे काम प्रेक्षकांवरच सोपवले तर? हाही प्रयोग झाला आहे. २००२ साली सुरू झालेल्या 'कामेन रायडर र्युकी'मध्ये तेरा वीर एकमेकांशीच लढतात. जो एकटा उरेल त्याची इच्छा पुरी होणार. नायक शिंजी किदो ह्याची धडपड एवढीच की ही लढाई थांबावी. १९ सप्टेंबर २००२ रोजी दाखवलेल्या विशेष भागात, लढाई चालू ठेवावी की थांबवावी, ह्यावर प्रेक्षकांचे मत दूरध्वनीने व संगणकावरून मागवले गेले. 'चालू ठेवावी' ह्या पक्षाची सरशी झाली, आणि तसा शेवट दाखवण्यात आला. त्याआधी ऑगस्टमध्ये चित्रपटातून एक निराळा शेवट लोकांनी पाहिलेला होता. आणि १९ जानेवारी २००३ रोजी मालिका संपली ती तिसऱ्याच रीतीने: शिंजी उपान्त्य भागात एका लहान मुलीला वाचवताना मरतो, आणि अखेरीस अवघे जगच नव्याने मांडले जाते. प्रेक्षकाला मत मागितले तर तो देतो, आणि ते गोड शेवटाच्या बाजूचेच असते असे नाही. परंतु मालिकेचा शेवट म्हणून उरला तो लेखकाने दिलेलाच.

इथवरच्या शेवटांनी कोणाला रडवले, कोणाला अस्वस्थ केले. खरा संताप उसळला तो मात्र ज्या मालिकेत कोणाचे दुःखद मरणही धडपणे दाखवले गेले नाही तिच्यावर. 'कामेन रायडर डिकेड' ही मालिका २५ जानेवारी २००९ रोजी सुरू झाली आणि ३० ऑगस्टला ३१ व्या भागाने आटोपली. अखेरच्या दृश्यात सोबती म्हणवणारा एक वीर नायकाच्या तोंडासमोर पिस्तूल धरून चाप ओढतो. आणि लगेच, पुढील कथा डिसेंबरात चित्रपटगृहांत येईल, अशी जाहिरात लागते. पुढच्या रविवारी, ६ सप्टेंबरला, नवा वीर हजर झाला. चित्रपट लागला तो १२ डिसेंबर २००९ रोजी. ह्या शेवटाविरुद्ध तक्रारी निघाल्या, आणि त्या बीपीओकडे, म्हणजे प्रसारणाच्या नीतीवर नजर ठेवण्यासाठी प्रसारकांनीच स्थापन केलेल्या संस्थेकडे, जाऊन पोचल्या.

तक्रारीचे मर्म काय होते? शेवट वाईट झाला, हे नव्हे. शेवट दिलाच नाही, हे होते. सात महिने घरबसल्या ऐकवलेल्या कहाणीचा अखेरचा घास तिकीटखिडकीमागे ठेवला गेला होता. ज्या मुलाला चित्रपटाला नेणारे कोणी नाही, ज्याच्या गावी चित्रपटगृह नाही, त्याने काय करावे? वर सांगितलेला खेळण्यांचा व्यापार सर्वांना ठाऊक असतो, आणि आईबाप तो सोसतातही. परंतु खेळणे विकणे वेगळे आणि शेवट विकणे वेगळे. खेळणे न घेणाऱ्या मुलालाही गोष्ट पुरी मिळते. येथे गोष्टच अडवली गेली. 'सुफळ' असण्यानसण्यावर मतभेद होऊ शकतात, पण 'संपूर्ण' हे देणे आहे, आणि देणे बुडवले तर माणसे रागावतात.

ह्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. जे संपूर्ण झाले ते पुन्हा उघडावे काय? 'कामेन रायडर ब्लेड'च्या शेवटी, २३ जानेवारी २००५ रोजी, नायक केंझाकी आपल्या मित्राला आणि जगाला वाचवण्यासाठी स्वतःचे माणूसपण टाकतो. मात्र त्याची अट अशी की दोघा मित्रांनी पुन्हा कधी भेटायचे नाही. २०१९ मध्ये 'झी-ओ' ह्या मालिकेने दोघांना, त्याच नटांना घेऊन, पुन्हा भेटवले आणि त्यांची त्या अटीतून सुटका केली. काहींना आनंद झाला. काहींना वाटले, चौदा वर्षे जपलेला त्याग कवडीमोल झाला. उलट २०११ मध्ये 'गोकायजर' ह्या मालिकेत इनोउए ह्यांनीच 'जेटमॅन'च्या गायला परत आणले ते परलोकातून आलेला म्हणून; त्याने नव्या वीरांना हात दिला आणि तो परत गेला. त्याचे मरण पुसले गेले नाही, उलट वीस वर्षांचा संशय फिटला. शेवटाला हात लावताना तो मोडायचा की मान्य करायचा, एवढाच काय तो प्रश्न असतो.

मुलांच्या करमणुकीचा इतका विचार कशाला, असा आक्षेप येथे कोणी घेईल. आमचे उत्तर असे की मनुष्य शेवट सोसायला शिकतो तो लहानपणीच. आवडते माणूस जाते, गेलेले परत येत नाही, आणि तरीही उद्याचा दिवस उजाडतो, हे प्रत्यक्ष जीवन शिकवण्याआधी गोष्टीने हळुवारपणे शिकवलेले बरे असते. ज्याला नेहमी 'पुढे चालू' एवढेच ऐकवले जाते, त्याला निरोप घेणे कधीच शिकवले जात नाही.

आणि हे शिक्षण वाया जात नाही, ह्याचेही प्रमाण आहे. अल्ट्रामॅन आकाशात गेला तेव्हा हिदेआकी आन्नो हे सहा वर्षांचे होते. ते मोठे होऊन चित्रपटकर्ते झाले, आणि १३ मे २०२२ रोजी जपानमध्ये लागलेल्या 'शिन अल्ट्रामॅन'ची कथा त्यांनी लिहिली. त्या कथेतही झेटन आहे, वीराचा पराभव आहे, माणसांनी स्वतः शोधलेला उपाय आहे, आणि एका माणसासाठी देऊ केलेला प्राण आहे. पंचावन्न वर्षांपूर्वीचा तो शेवट त्यांनी बदलला नाही. त्याच्या अर्थात भर घालून पुढच्या मुलांच्या हाती दिला. ज्याला कहाणी संपूर्ण मिळाली, तोच ती पुन्हा सांगू शकतो.