इमारत हलते तेव्हा – लेखांक ६ : वजनाचे दोन हिशेब

कळवण तालुक्यात दळवटच्या बाजूला जमीन हादरली की नाशिकच्या बातम्यांत एक वाक्य हमखास येते : दिंडोरी रोडवरच्या ‘मेरी’ या संशोधन संस्थेत धक्क्याची नोंद झाली. धक्का बहुधा सौम्य असतो आणि बातमी तिथेच विरते. पण भूकंपाचे भारतीय मानक १८९३, त्याची २०१६ची आवृत्ती, नाशिकला क्षेत्र तीनमध्ये धरते. त्यामुळे गंगापूर रोडला नवी इमारत उठायची तर तिच्या आरसीसी कन्सल्टंटला भूकंपाचे गणित चुकत नाही. त्या गणितात सगळ्यात आधी विचारले जाते ते इमारतीचे वजन, आणि तेही दोनदा.

पहिल्यांदा भार म्हणून. स्लॅब, बीम, भिंती, फरशी, माणसे, कपाटे हे सगळे पृथ्वी खाली ओढते आणि कॉलम ते फाउंडेशनपर्यंत पोचवतात. दुसऱ्यांदा वस्तुमान म्हणून. जमीन आडवी सरकते तेव्हा वरचे मजले जागचे हलायला तयार नसतात. तो विरोध वस्तुमानाचा. चंद्रावर हीच इमारत बांधली तर भार सहाव्या हिश्शावर येईल, विरोध मात्र तसूभरही कमी होणार नाही. कॉम्प्युटरमधल्या मॉडेललाही म्हणूनच दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या सांगाव्या लागतात.

दोन्ही आकडे सारखे नसतात, आणि नवखा इंजिनिअर इथेच अडखळतो. राहत्या खोलीत माणसे-सामानाचा भार चौरस मीटरला सुमारे २०० किलो धरतात. कॉलम तपासताना तो मोजायचा. वस्तुमानात मात्र त्याचा चौथा हिस्साच, म्हणजे ५० किलो. धक्का बसेल त्या क्षणी घरोघरी पाहुण्यांची गर्दी असेल असे नाही, आणि जे सामान बांधलेले नाही ते इमारतीबरोबर पूर्णपणे हलतही नाही. अंबडच्या एखाद्या गोदामात भार ३०० किलोंच्या पुढे गेला की चौथ्याऐवजी निम्मा हिस्सा धरावा लागतो. गच्चीवर येणाऱ्या-जाणाऱ्यांचा भार तर मानक सोडूनच देते.

गच्चीवर कायमचे बसलेले वजन मात्र सुटत नाही. गळती रोखायला विटांच्या तुकड्यांचा घालतात तो ब्रिकबॅट कोबा घ्या. सरासरी १२ सेंटिमीटर जाडीचा कोबा चौरस मीटरला सव्वादोनशे किलोंच्या आसपास भरतो. गच्ची ३०० चौरस मीटरची असेल तर साधारण ६७ टन झाले, तेही अगदी माथ्यावर. मानकाच्या सोप्या पद्धतीत एकूण आडवे बळ मजल्यांवर वाटताना मजल्याचे वजन त्याच्या उंचीच्या वर्गाने गुणतात. पायापासून सारख्या अंतरावर सारख्या वजनाचे सात मजले धरले, तर पहिल्या मजल्याच्या ४९ पट बळ सातव्यावर येते. त्यामुळे गळती थांबत नाही म्हणून जुन्या कोब्यावरच दुसरा कोबा चढवतात, ते मला मुळीच पटत नाही. पाणी थांबेलही, पण मूळ आराखड्यात नसलेले टन सगळ्यात महागड्या जागी चढतात. जुना कोबा काढायला खर्च येतो, हे खरे.

वस्तुमान चुकीच्या ठिकाणी बसले की काय होते, हे महाराष्ट्राने ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीत पाहिले. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वर मातीचे जाड माळवद. वजन प्रचंड, आणि ते एकत्र बांधून ठेवणारे काहीच नाही.

आता मॉडेलकडे. इथली सर्वांत जुनी चूक एककांची. भार किलोन्यूटनमध्ये असतो, त्याला ९.८१ने भागले की टनांत वस्तुमान मिळते. भागायचे राहिले तर वस्तुमान जवळजवळ दसपट होते, आणि झुलण्याचा काळ वस्तुमानाच्या वर्गमुळाने वाढत असल्याने तो सुमारे ३.१ पट होतो. विटांच्या भिंतींची सात मजली इमारत अर्ध्या सेकंदात एक झोका घेते असे मानकाचे सूत्र सांगत असताना कॉम्प्युटर दीड सेकंद दाखवतो. उलट, चुकून दोनदा भागले तर इमारत कागदावर हलकीफुल्ल होते, बळ घसरते आणि सगळे कॉलम पास होतात. ही चूक जास्त घातक, कारण पास झालेल्या कॉलमकडे पुन्हा कोणी पाहत नाही. स्लॅबचे स्वतःचे वजन प्रोग्राम आपोआप धरत असताना तेच हाताने पुन्हा भरणे, हा तिसरा प्रकार.

म्हणून निकाल उघडण्याआधी कागदावर एक हिशेब करावा. नाशिकचा क्षेत्र-गुणांक ०.१६. लवचीक जोडांची चौकट, साधी निवासी इमारत आणि अर्ध्या सेकंदाचा झोका धरला, तर मध्यम जमिनीवर आडवे बळ वजनाच्या ४ टक्के येते. २,००० टनांच्या इमारतीला ८० टन. मॉडेलमधला आकडा याच्या आसपासही नसेल, तर पहिला संशय वस्तुमानावर घ्यावा.

वजन नेहमीच शत्रू असते असेही नाही. भूकंपात एका बाजूचे कॉलम उचलले जाऊ पाहतात, तेव्हा त्यांना खाली दाबून धरते ते हेच वजन. म्हणून मानकातल्या भारांच्या एका जोडणीत कायमचा भार मुद्दाम ०.९ने गुणून घेतात : जे आपल्याला मदत करते, ते थोडे कमीच धरलेले बरे. शिवाय इमारत झुकली की वरचा भार कॉलमच्या अक्षाबाहेर जातो आणि तिला आणखी झुकवतो. त्यामुळे बारकाईच्या विश्लेषणात आधी गुरुत्वाचा भार चढवून मगच जमीन हलवतात.

जलकुंभात मात्र एकाच पाण्याची दोन वस्तुमाने करावी लागतात : तळाकडचे, भिंतीला धरून हलणारे, आणि वरचे, डचमळणारे. ते पुढच्या आठवड्यात.