अ‍ॅनाची आजी कोण होती?

सयामचा राजा मोंगकुट याने १८६२ मध्ये राजवाड्यातल्या मुलांना आणि राण्यांना इंग्रजी शिकवायला सिंगापूरहून एक विधवा शिक्षिका बोलावली. तिचं नाव अ‍ॅना लिओनोवेन्स. तिच्या आठवणींवरून पुढे कादंबरी आली, ‘द किंग अँड आय’ ही संगीतिका आली, चित्रपट निघाले. आपण वेल्समधल्या कार्नार्व्हनच्या, कॅप्टनची मुलगी, असं ती सांगे. १९१५ मध्ये माँट्रियलला ती वारली, तेव्हाही जगाला हेच ठाऊक होतं.

खरी अ‍ॅना आपल्या अहमदनगरची. जन्म २६ नोव्हेंबर १८३१. वडील थॉमस एडवर्ड्स हे मुंबई फौजेतले साधे सार्जंट. तिच्या जन्माआधीच ते गेले. १८४९ च्या नाताळात पुण्यात तिने थॉमस लिओन ओवेन्स या कारकुनाशी लग्न केलं आणि पुढे नवऱ्याचं मधलं नाव व आडनाव जोडून नवं आडनाव घडवलं.

हे गुपित फोडलं ते विल्यम ब्रिस्टो यांनी. ते कोळी या प्राण्यांचे आणि त्यांच्या जाळ्यांचे नामांकित अभ्यासक. अ‍ॅनाचा मुलगा लुई याचं चरित्र लिहिताना त्यांना लंडनमध्ये त्याच्या जन्माची नोंद मिळेना. जिथे नोंद असायलाच हवी तिथे ती नाही, हाच त्यांनी पुरावा मानला आणि शोध भारताकडे वळवला. ईस्ट इंडिया कंपनीच्या चर्चमधल्या बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नोंदींच्या प्रती लंडनला पाठवल्या जात. अ‍ॅनाने भूतकाळ पुसला, पण या वह्या तिच्या हाताबाहेर होत्या. १९७६ च्या पुस्तकात ब्रिस्टो यांनी सगळं मांडलं.

एक जागा मात्र रिकामीच राहिली. अ‍ॅनाची आई मेरी अ‍ॅन ही मुंबई फौजेतल्या ग्लासकॉट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याची मुलगी. त्याच्या बायकोचं नाव कुठेच नाही. ती युरोपीय असती तर नोंद उरली असती, म्हणून ती भारतीय किंवा मिश्रवंशीय असावी, असं चरित्रकार सुझन मॉर्गन यांचं म्हणणं. मला ते पटतं. दोन लेकरं घेऊन सिंगापुरात ब्रिटिशांच्या मुलांसाठी शाळा काढणाऱ्या विधवेला ही आजी लपवावी लागली, याचा दोष मी तिला देणार नाही.

अशा निनावी आजीचा माग डीएनए काढू शकतो. पेशीतल्या मायटोकाँड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो, आईला तिच्या आईकडून. भारतात निम्म्याहून अधिक लोकांत त्याचा ‘एम’ हा गट आढळतो. पश्चिम युरोपात तो जवळजवळ नाही. भयपटांचा नट बोरिस कार्लोफ हा अ‍ॅनाच्या बहिणीच्या मुलीचा मुलगा. ती निनावी बाई त्याची खापरपणजी. बाकीच्या डीएनएत तिचा वाटा सरासरी सोळावा हिस्सा, पण हा मातृडीएनए जवळपास जसाच्या तसा त्याच्यापर्यंत पोचलेला. त्याच्यापाशी मात्र तो संपतो, कारण पुरुष तो पुढे देत नाही.

आपल्याकडे डीएनए चाचणीचा निकाल जपून वाचावा लागतो. पार्थ मजुमदार यांच्या गटाने २०१६ मध्ये दाखवलं, की भारतातल्या अनेक समाजांत सुमारे ७० पिढ्या लग्नं आपसातच होत आली. शिवाय मामाच्या मुलीशी लग्नाची रीत. त्यामुळे दूरचा माणूसही चाचणीत जवळचा चुलतभाऊ ठरतो.

अ‍ॅनासारखं आडनाव बदलणं आपल्याकडेही घडलं. बदलापूरच्या कात्रप भागात मुंबईच्या चाळींतून आणि त्याआधी कोकण-घाटावरून आलेली कितीतरी घरं आहेत. शहरात येताना कुणी जातीचा वास येणारं आडनाव टाकलं आणि गावाचं ‘कर’ लावलं. पोरांना वर्गात मान खाली घालावी लागू नये म्हणून. अशा घरांनी मूळ शोधताना डीएनएच्या आधी कागद धरावेत: आजोबांच्या शाळेचं जनरल रजिस्टर, तहसीलमधलं जुनं कोतवाल बुक, जमिनीचे फेरफार. जुन्या नोंदी मोडी लिपीत असतील, तर वाचणारा शोधावा. दोन कागदांत आडनाव वेगळं दिसलं, तर त्या दोन तारखांच्या मधली वर्षं आधी तपासावीत. आणि आपल्या वंशावळीत बहुधा पुरुषच उतरत जातात, म्हणून आजीचं माहेरचं नाव, तिच्या आईचं गाव हे ती सांगेल तेवढं आजच लिहून घ्यावं.