रेडिओवर ऐकलेला चेलो

चेलो म्हणजे व्हायोलिनचं थोरलं भावंड. त्याला चार तारा असतात. खुर्चीवर बसून, दोन्ही गुडघ्यांमध्ये धरून तो गजाने वाजवतात.

जॅकलीन द्यू प्रे १९४५ साली इंग्लंडमध्ये जन्मली. चार वर्षांची असताना तिने रेडिओवर चेलो ऐकला आणि आईकडे तेच वाद्य मागितलं. आई पियानो वाजवायची. तिने लेकीसाठी सोप्या धुना रचल्या. सोळाव्या वर्षी, १९६१ मध्ये, लंडनच्या विगमोर हॉलमध्ये जॅकलीनची मैफल झाली. १९६५ मध्ये तिने एल्गार या इंग्रज संगीतकाराची रचना ध्वनिमुद्रित केली. ती लोक आजही ऐकतात. आपल्या मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता तिचे मित्र होते.

मग तिची बोटं बधिर होऊ लागली. आधी वाटलं, मनावरचा ताण असेल. १९७३ मध्ये निदान झालं, मल्टिपल स्क्लेरोसिस. यात मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या नसांवरचं आवरण खराब होतं, म्हणून मेंदूचा निरोप हातापायांना नीट पोचत नाही. हा आजार पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो. अठ्ठाविसाव्या वर्षी तिचं वादन थांबलं. तरी जमेल तोवर ती शिकवत राहिली. १९८७ मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी ती गेली. आता हा आजार वाढू नये म्हणून औषधं मिळतात.

हाताला मुंग्या आल्या की आपण म्हणतो, कामाचा शीण आहे. बऱ्याचदा कारण साधंच असतं. पण हात वारंवार बधिर होत असेल, हातातलं भांडं निसटत असेल, तर अंगावर काढू नका. गटातली एखादी सोबत घ्या आणि डॉक्टरांना दाखवा.