सरकती मायटर करवत : कोन, पकड आणि पात्याची दिशा

चौकटीचा कोपरा जोडताना दोन पट्ट्यांची टोके ४५ अंशांत कापून एकमेकींना भिडवली, की आडव्या कापाने उघडी पडणारी आणि पॉलिश जास्त पिणारी लाकडाची बाजू नजरेआड होते व रेषा कोपऱ्यावरून अखंड वळल्यासारखी दिसते. या सांध्याला मायटर म्हणतात. दिसायला तो साधा असला, तरी केलेली चूक तो झाकून घेत नाही. चार कोपऱ्यांच्या चौकटीत आठ काप येतात. प्रत्येक कापात पाव अंशाचा फरक एकाच बाजूला पडत गेला, तर शेवटच्या कोपऱ्यात तो दोन अंशांवर पोहोचतो, आणि ५० मिलिमीटर रुंद पट्टीवर सुमारे अडीच मिलिमीटरची फट उरते. एवढी फट लांबी भरूनही लपत नाही.

हातकरवतीच्या काळात सुतार यासाठी तीन फळ्यांची पन्हळ वापरीत. तिच्या दोन्ही उभ्या भिंतींत ठरावीक कोनांच्या खाचा पाडलेल्या असत आणि करवत त्या खाचांतून चाले. अमेरिकेतील रॉकवेल कंपनीने १९६४ मध्ये याच कामासाठी विजेवर चालणारे यंत्र बाजारात आणले. मोटार आणि गोल पाते असलेला वरचा भाग, म्हणजे हेड, बिजागरीवर खाली येतो आणि खालची बैठक हव्या त्या कोनात फिरते, अशी त्याची रचना असते. परंतु बिजागरीवरचे पाते एकाच जागी उतरत असल्याने फळीची रुंदी त्याच्या व्यासाने बांधली जाते. हेड दांड्यांवर मागेपुढे सरकू लागले, तेव्हा हे बंधन सुटले, आणि साधारण २५५ मिलिमीटर व्यासाचे पाते ३०० मिलिमीटरच्या आसपास रुंदीची फळी कापू लागले. ही सोय मिळवताना यंत्रात एक नवा धोकाही शिरला, आणि तो नीट समजून घेतल्याशिवाय या यंत्राची शिस्त ध्यानात येत नाही.

पाते अशा दिशेने फिरते, की त्याचे पुढचे दात खाली उतरतात आणि तळाचे दात कारागिराकडून मागच्या आधारपट्टीकडे, म्हणजे फेन्सकडे, धावतात. त्यामुळे कापाचा जोर लाकडाला बैठकीवर आणि फेन्सवर दाबून धरतो, आणि हेच या रचनेचे मर्म आहे. आता हेड आधी लाकडात उतरवून मग स्वतःकडे ओढले, तर दात लाकडाला पकडून चाकासारखे त्याच्यावर चढू पाहतात आणि सगळे हेड कारागिराच्या अंगावर येते. म्हणून क्रम ठरलेला आहे: मोटार बंद असताना हेड वर ठेवूनच पुढे ओढायचे, मग मोटार सुरू करून पाते पूर्ण वेगात येऊ द्यायचे, नंतर ते खाली उतरवायचे आणि संथपणे मागे ढकलत कापायचे. काप संपल्यावर खटका सोडून पाते थांबेपर्यंत हेड खालीच ठेवायचे असते, कारण फिरते पाते वर उचलताना सुटलेल्या तुकड्याला दाताचा स्पर्श झाला, तर तो तुकडा उडतो. मिनिटाला ४००० फेऱ्यांनी फिरणाऱ्या २५५ मिलिमीटरच्या पात्याचे दात सेकंदाला सुमारे ५३ मीटर, म्हणजे ताशी १९० किलोमीटरच्या घरात धावत असतात. अरुंद पट्टी कापायची असेल, तेव्हा सरकण कुलूपबंद करून हेड नुसते खाली आणणे अधिक बरे.

अपघाताची चर्चा बहुधा पात्याभोवतीच फिरते, पण पाते आपल्या ठरल्या मार्गानेच जात असते. ऐनवेळी जागा सोडते ते लाकूड. फळीला बाक असेल, तर तिची फुगीर बाजू फेन्सला लावावी लागते. ती उलटी ठेवल्यास फळी फक्त दोन टोकांवर टेकते, मधल्या भागाला आधार राहत नाही, आणि काप पूर्ण होत आला, की दोन्ही अर्धुके आत मिटून पात्याला चिमटतात. तुटून पडणाऱ्या तुकड्याच्या टोकाला अडसर लावणे हीही तशीच चूक होय, कारण पाते आणि अडसर यांच्यामध्ये सापडलेल्या तुकड्याला बाजूला सरकायला वाव नसतो. हात पात्यापासून किमान १५ सेंटिमीटर दूर असावा आणि एक हात दुसऱ्यावरून ओलांडून लाकूड धरू नये, असा सर्वसाधारण दंडक आहे. त्याहून आखूड तुकड्यासाठी क्लॅम्प वापरावा, किंवा तो तुकडा लांब पट्टीतून शेवटी कापून घ्यावा. हातमोजे येथे उपयोगाचे नाहीत, कारण दातात अडकलेले कापड बोटांनाही सोबत ओढते. सैल बाही आणि ओढणी यांनाही हेच लागू पडते. भारतात १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २१ ने यंत्रांच्या धोकादायक भागांना आच्छादन बंधनकारक केले, पण घरोघरी फर्निचर करणारे सुतार त्या कायद्याच्या कक्षेबाहेरच राहत आले. तिथे दिसेनासे होते म्हणून पात्याचा खालचा गार्ड तारेने वर बांधून ठेवलेला आढळतो. दिसण्याची अडचण खरी असते, पण तिचा इलाज पारदर्शक गार्ड पुसून घेणे हाच आहे.

यंत्राची जुळवणी हे स्वतंत्र प्रकरण मानले जाते, ते तितकेसे बरोबर नाही. ज्या यंत्राचा कोन भरवशाचा नसतो, त्यावर कारागीर हातानेच लाकूड किंचित वळवून धरू लागतो आणि तिथेच पकड ढिली होते. जुळवणीपूर्वी प्लग काढलेला असावा. प्रथम हेड खाली घेऊन, गुण्याची एक बाजू फेन्सला आणि दुसरी पात्याच्या सपाट भागाला लावून पाहतात. गुण्या दाताला टेकता कामा नये, कारण कार्बाइडचे दात पात्याच्या जाडीपेक्षा बाहेर आलेले असतात आणि मोजमाप फसवे निघते. गुण्याने जे कळत नाही, ते उलटून पाहण्याच्या कसोटीने कळते. दोन्ही कडा समांतर असलेली रुंद फळी शून्य अंशावर कापावी, एक अर्धुक उलथे करून त्याची दुसरी कड फेन्सला लावावी आणि कापलेली टोके पुन्हा भिडवावी. फट दिसली, तर ती मूळ चुकीच्या दुप्पट असते. ३०० मिलिमीटर रुंदीवर अंशाच्या दहाव्या भागाची चूक अर्धा मिलिमीटर भरते, म्हणजे या कसोटीत ती एक मिलिमीटरची होऊन सहज नजरेत येते. मग फेन्सचे किंवा कोनपट्टीचे स्क्रू सैल करून दुरुस्ती करायची, पुन्हा कापून पाहायचे, आणि कोनदर्शक काटा अगदी शेवटी शून्यावर आणायचा. त्यानंतर बैठक आणि पाते यांच्यात गुण्या उभा धरून हेडचा तिरपेपणा तपासतात. ९० आणि ४५ अंशांना अडवणारे स्क्रू बहुतेक यंत्रांत वेगवेगळे असतात. लेझरची रेषा सोयीची खरी, पण तीही याच जुळवणीवर अवलंबून असल्यामुळे तिला माप समजू नये. बैठकीवर ३१.६ अंशांची एक विचित्र खाच आढळते; छताखालची तिरपी नक्षीपट्टी आडवी ठेवून कापण्यासाठी ती असते आणि तिच्या जोडीला हेड ३३.९ अंश कलवावे लागते. येथे फारशी न लागणारी ही सोय पाश्चात्त्य घरबांधणीतून आली आहे.

पाते निवडताना दातांच्या संख्येइतकेच त्यांच्या झुकावाकडे पाहावे. उभ्या चिरकामाच्या पात्याचे दात पुढे झुकलेले असतात आणि सरकत्या करवतीवर ते लाकडात अधाशीपणे घुसतात. म्हणून येथे शून्याजवळचा किंवा उलटा झुकाव घेतात, आणि स्वच्छ आडव्या कापासाठी २५५ मिलिमीटरवर ६० ते ८० दात ठेवतात. पाते बदलताना ध्यानात ठेवायचे, की त्याच्या बोल्टचे आटे बहुतेक यंत्रांत उलटे असतात आणि तो घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटतो. लाकडाच्या भुशाची गणना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये कर्करोगकारक पदार्थांत केली असल्याने मास्क ऐच्छिक मानता येत नाही, आणि यंत्रामागची पिशवी भुशाचा काही भागच झेलते. उरलेला भुसा बैठक आणि फेन्स यांच्या कोपऱ्यात दाबून बसतो. त्याचा पातळ थरही फळीला फेन्सपासून दूर ठेवून काळजीपूर्वक लावलेला कोन बिघडवतो, त्यामुळे प्रत्येक अचूक कापापूर्वी पाते थांबलेले पाहून ब्रशने तो कोपरा झाडून घ्यावा लागतो.