लोकनृत्ये, भंडारा जिल्ह्यातील

महाराष्ट्राच्या पूर्व भागातील भंडारा जिल्ह्यात भातशेती व गोपालन यांच्या वार्षिक क्रमाशी निगडित असलेले पारंपरिक नृत्यप्रकार. त्यांत गोवाऱ्यांचे गोधन-नृत्य, दंडार आणि खडी गंमत हे प्रमुख होत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील वनव्याप्त प्रदेशास ‘झाडीपट्टी’ म्हणतात. १ मे १९९९ रोजी गोंदिया हा भंडाऱ्यापासून वेगळा जिल्हा झाला. तथापि दोहोंची लोकपरंपरा एकच आहे. वैनगंगेचे खोरे, जुने तलाव व धानाची शेती हा या परंपरेचा भौतिक पाया होय. हलके धान दिवाळीच्या सुमारास कापणीस येते. शेतकऱ्याच्या हाती धान्य व थोडी उसंत येण्याचा हा काळ. म्हणून नृत्यांचा हंगामही तेव्हाच सुरू होतो.

गोधन-नृत्य : गोवारी ही विदर्भातील गुरे राखणारी जमात. बलिप्रतिपदेच्या दिवशी ‘गायगोधन’ साजरे होते. गाईबैलांची शिंगे रंगवून त्यांना सजवितात, शेणाच्या गोधनाची पूजा करतात आणि त्यावरून गुरे नेतात. डफडे व बासरी यांच्या साथीवर गोवारी पुरुष हातांत काठी घेऊन गातात व नाचतात आणि ज्यांची गुरे वर्षभर राखली त्यांच्या घरी जाऊन धान्य, वस्त्र वा पैसे स्वीकारतात. हे दान म्हणजे भिक्षा नव्हे. श्रमाच्या मोबदल्याचा तो सामाजिक स्वीकार असतो. या प्रसंगी मिरविली जाणारी ‘ढाल’ म्हणजे शस्त्र नसून, उंच बांबूच्या टोकास मोरपिसांनी सजविलेले पूज्य चिन्ह होय. ढालपूजेचा संबंध पूर्वजांच्या पूजेशी जोडला जातो. गोवर्धनाची वैष्णव कथा आणि ढालीची पूर्वजपूजा असे दोन थर एकाच नृत्यात येथे एकत्र आलेले दिसतात. छत्तीसगढमधील राऊत नाचाशी या नृत्याचे निकटचे साम्य आहे.

मंडई : भाऊबीजेपासून गावोगावी ‘मंडई’ भरते. ती एकाच वेळी बाजार, जत्रा व आप्तभेटीचे स्थान असते. आसपासच्या गावांतील ढाली तेथे एकत्र येतात; दिवसा दंडार व खडी गंमत आणि रात्री नाटक असा सर्वसाधारण क्रम असतो. मुलामुलींच्या सोयरिकीची बोलणीही बहुधा याच गर्दीत निघतात.

दंडार : हा नृत्य, गीत व संवाद यांचा मिश्र प्रकार आहे. ‘दंड’ म्हणजे काठी, यावरून हे नाव आले असावे, असे मानले जाते. गावातील शेतकरी व मजूरच नट असतात. स्त्रीभूमिका पुरुष करतात. प्रारंभी देवतास्तवन होते व पुढे समूहनृत्याच्या ओघात पौराणिक किंवा विनोदी प्रसंग गुंफले जातात. केवळ नाच प्रधान असलेल्या दंडारीपासून प्रसंग प्रधान असलेल्या दंडारीपर्यंत तिच्या अनेक छटा आढळतात. यवतमाळकडील कोलामांत दंडार रूढ आहे. तेलंगणातील आदिलाबादच्या राजगोंडांत दिवाळीच्या वेळी ‘दंडारी’ होते व तीत मोरपिसांचा टोप घातलेले ‘गुसाडी’ नाचतात. या नृत्याचे गुरू कनक राजू यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. नाव, ऋतू व पुरुषमंडळाची रचना यांतील साम्यामुळे दंडारीच्या मुळाशी गोंडी परंपरा असण्याची शक्यता बळावते. मात्र संवाद व पौराणिक कथानके ही मराठी ग्रामजीवनाची भर होय.

खडी गंमत : ही तमाशाच्या कुळातील असून ढोलकी, तुणतुणे व शाहिरांचे सवालजबाब तीत महत्त्वाचे असतात. स्त्रीवेषधारी ‘नाच्या’ हे तिचे आकर्षण. दोन शाहिरांचा सामना ‘दुय्यम’ म्हणून ओळखला जातो.

मूळाचा प्रश्न : नृत्य कोणत्या समाजाचे, हा प्रश्न येथे केवळ अभ्यासकांपुरता राहिलेला नाही. रसेल व हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात गोवाऱ्यांची उत्पत्ती अहीर व गोंड यांच्या संकरातून झाल्याचे म्हटले आहे. अनुसूचित जमातींच्या यादीत ‘गोंड गोवारी’ अशी नोंद असल्याने गोवाऱ्यांनी तिच्या आधारे सवलती मागितल्या. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपूर येथे त्यांच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जण मृत्युमुखी पडले. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. परंतु १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोवारी व गोंड गोवारी एक नव्हेत, असे ठरविले. सण, पूजा व नृत्य यांतील थर वेगळे करून दाखविणे किती अवघड आहे आणि त्यावर माणसांचे किती काही अवलंबून असू शकते, हे यावरून ध्यानात येते.

असे मिश्रण जगात अन्यत्रही आढळते. पेरूच्या अँडीज पर्वतप्रदेशातील ‘कात्रीनृत्य’ शेतीच्या वार्षिक क्रमाशी बांधलेले असून त्यात मूळ रहिवाशांच्या पर्वतदेवता व ख्रिस्ती उत्सव एकत्र आले आहेत. युनेस्कोने २०१० साली त्याचा समावेश अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला.

सद्यःस्थिती : वडसा (देसाईगंज) येथील नाटक मंडळ्यांच्या व्यावसायिक प्रयोगांनी मंडईची रात्र व्यापली आहे. या रंगभूमीवरील नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री जाहीर झाली. दंडारीला मात्र तिकीट नाही व व्यावसायिक नटही नाहीत. ती गावाच्या उसंतीवर जगते. गुरे कमी झाली, गुराख्याची वार्षिक बांधिलकी सैल झाली, तरुण मजुरीसाठी बाहेर जाऊ लागले, तसतसे तिचे संच विरळ होत गेले. ध्वनिचित्रमुद्रणाने पदे व पावले जतन होतील. परंतु ज्या देवाणघेवाणीतून ही नृत्ये निर्माण झाली ती टिकली, तरच ती मंचावरील नमुन्यांऐवजी गावाची नृत्ये म्हणून राहू शकतील.